फवारणीच्या वहीतलं अक्षर

निर्यातीची द्राक्षं करणाऱ्या घरात एक वही असतेच. कोणत्या तारखेला कोणतं औषध, दोनशे लिटर पाण्याला किती, काढणीला किती दिवस बाकी. आमच्या भाऊबंदांतल्या एका काकांच्या अशा सात हंगामांच्या वह्या माझ्याकडे आहेत. पहिल्या वहीतलं अक्षर टपोरं, रकान्याबाहेर सांडणारं. चौथ्या वहीपासून ते आकसत जातं. 'बोर्डो' हा शब्द ओळीच्या सुरुवातीला आला तर वाचता येतो, ओळीच्या शेवटी आला तर मुंग्यांची रांग होते. सातव्या वहीतलं अक्षर त्यांचं नाहीच, सुनेचं आहे.

या काळात घरात कुणाला काही जाणवलं नव्हतं. थिनिंगला कात्री हळू चालू लागली, तेव्हा वय झालं म्हणून सोडून दिलं. उजवा खांदा धरला, त्याला तेल लावलं. हात थरथरायला लागल्यावर नाशिकला दाखवलं आणि कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सन्सचं निदान झालं. घरच्यांच्या हिशेबानं आजार सहा महिन्यांचा होता. वह्यांच्या हिशेबानं तो किमान तीन वर्षांचा. मेंदूच्या हिशेबानं किती वर्षांचा, हे मात्र कोणत्याही वहीतून काढता येत नाही.

पार्किन्सन्सचे प्राणी-नमुने आणि त्यांच्यात डोपामिन यंत्रणेचं काय होतं, हा या पुस्तिकेचा विषय. पिंपळगाव बसवंतला बसून उंदरांच्या मेंदूवर प्रस्तावना कसली लिहितोस, असं एका मित्रानं विचारलं. मी त्याच्यासमोर वह्या ठेवल्या. माणूस डॉक्टरकडे जातो तेव्हा बिघाड जुना झालेला असतो आणि पहिला दिवस कधीच हाती लागत नाही. प्रयोगशाळेतल्या प्राण्याबाबत तो हाती असतो, कारण इजा आपणच केलेली असते. इजा झाल्यापासून ती बाहेर दिसेपर्यंतच्या काळात मेंदू काय काय करतो, हे पाहण्याची जागा बहुतांशी हीच आहे. मला या विषयाची ओढ त्या मधल्या काळामुळे आहे. थरथर हा त्याचा फार उशिराचा भाग.

आधी थोडी ओळख. मेंदूच्या देठात, दोन्ही बाजूंना, काळसर रंगाचा एक पट्टा असतो. त्याचं नाव सबस्टॅन्शिया नायग्रा, साध्या भाषेत काळा पदार्थ. माणसात तिथे डोपामिन हे निरोप पोचवणारं द्रव्य बनवणाऱ्या पेशी दोन्ही बाजू मिळून चार-पाच लाखांच्या घरात. मेंदूतल्या एकूण पेशींपुढे हा आकडा किरकोळ आहे. पण यातली प्रत्येक पेशी आपला तंतू वर स्ट्रायटम नावाच्या भागात पाठवते आणि तिथे त्याला बेसुमार फांद्या फुटतात. एका अंदाजानुसार माणसातली अशी एक पेशी दहा ते चोवीस लाख जोडण्या सांभाळते, रॅटमधली एक ते अडीच लाख. एवढा पसारा पोसायला ऊर्जा लागते आणि ती पुरवणारी मायटोकॉन्ड्रिया कायम ताणाखाली असतात. या पेशी आधी का मरतात, याच्या उत्तराचा मोठा भाग इथे असावा असं आज मानलं जातं. चिमुकल्या माऊसवरून माणसाबद्दल बोलताना जपून का बोलायचं, त्याचंही एक कारण याच आकड्यांत आहे.

पहिला प्राणी-नमुना झाडाच्या मुळीतून आला आणि त्या वाटेवर मुंबई लागते. सर्पगंधा आपल्या वैद्यांना जुनी ठाऊक. डॉ. रुस्तम जाल वकील या मुंबईच्या हृदयरोगतज्ज्ञांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम रुग्णांच्या नोंदींसह मांडला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचं तिच्याकडे लक्ष गेलं. १९५२ मध्ये बाझलच्या सिबा कंपनीत त्या मुळीतून रेसरपिन वेगळं काढण्यात आलं. औषध जगभर गेलं आणि ते घेणाऱ्या काहींच्या हालचाली मंदावल्या, चेहरे निर्विकार झाले, हात कापू लागले. स्वीडनमधल्या लुंड इथे आर्विद कार्लसन यांनी रेसरपिन सशांना दिलं. ससे कान पाडून, दगडासारखे बसून राहिले. मग त्यांना एल-डोपा, म्हणजे ज्यापासून मेंदू डोपामिन बनवतो ते द्रव्य, टोचलं. थोड्याच वेळात ससे उठून हिंडू लागले. हे वर्ष १९५७. त्याच वर्षी डॉ. वकील यांना लॅस्कर पुरस्कार मिळाला. दोन्ही गोष्टी एकाच मुळीच्या, पण त्या एकत्र सांगितलेल्या मी तरी फारशा वाचल्या नाहीत.

कार्लसन यांना पुढे २००० साली नोबेल मिळालं. पण त्या सशांकडून शिकायची गोष्ट वेगळी आहे. रेसरपिननं पेशी मरत नाहीत. पेशीच्या आत डोपामिन साठवायच्या ज्या बारीक पिशव्या असतात, त्या भरणंच बंद होतं. टाकी रिकामी, पाइप मात्र शाबूत. म्हणजे हा कंपवात नव्हताच, ती निव्वळ डोपामिनची टंचाई होती. तरीही तेवढ्यानं सगळा खेळ थांबला आणि तेवढं भरून दिल्यावर पुन्हा सुरू झाला. व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिएविच यांनी १९६० मध्ये मृत रुग्णांचे मेंदू तपासले तेव्हा स्ट्रायटममधलं डोपामिन खरोखरच आटलेलं दिसलं. पुढच्याच वर्षी वॉल्टर बिर्कमायर यांनी रुग्णांना एल-डोपा टोचलं आणि १९६७ मध्ये जॉर्ज कोट्झियास यांनी ते तोंडावाटे मोठ्या मात्रेत देऊन उपचार म्हणून उभं केलं. काका आज दिवसातून चार वेळा जी गोळी घेतात, तिचा वंश असा सशांपर्यंत आणि सर्पगंधेच्या मुळीपर्यंत जातो.

टंचाई कळली, पण मृत्यू कळायचा होता. त्यासाठी पेशी माराव्या लागतात, त्याही नेमक्या त्याच. स्टॉकहोममध्ये उर्बान उंगरस्टेट यांनी १९६८ साली ६-हायड्रॉक्सिडोपामिन हे द्रव्य रॅटच्या मेंदूत एकाच बाजूला सोडलं. दिसायला ते डोपामिनचा जुळा भाऊ. पेशी त्याला घरचं समजून आत घेते आणि आत गेल्यावर ते तिला जाळतं. दोन्ही बाजू मारल्या तर रॅट खात-पीत नाही आणि मरतो, म्हणून एकच बाजू. मग दिसलं ते मजेशीर होतं. अशा रॅटला अॅम्फेटामिन दिलं की तो इजा झालेल्या बाजूकडे गोल गोल फिरतो, आणि अपोमॉर्फिन दिलं की उलट बाजूला. पहिल्याचा खुलासा सोपा आहे. अॅम्फेटामिन साठलेलं डोपामिन बाहेर काढतं, साठा फक्त धडक्या बाजूला आहे, त्यामुळे तोल एकीकडे जातो. दुसऱ्याचा खुलासा करताना संशोधक खरे चक्रावले. अपोमॉर्फिन थेट ग्राहकांवर, म्हणजे डोपामिन झेलणाऱ्या रेणूंवर काम करतं. तरी उपाशी बाजू जिंकते कशी? तर उपाशी राहून ती हळवी झालेली असते. ग्राहक वाढलेले असतात आणि थेंबाला घागरीसारखा प्रतिसाद देत असतात.

इथे ठिबकाचं उदाहरण घेतो, आमच्याकडे ते पोरांनाही कळतं. लॅटरलवरचे काही ड्रिपर क्षारानं चोक झाले तरी वेल लगेच सुकत नाही. आपण मोटर अर्धा तास जास्त चालवतो. चालू ड्रिपरखालची ओल बाजूला पसरते. मुळं तिकडे वळतात. डोपामिनच्या यंत्रणेतही असंच चालतं. उरलेल्या पेशी डोपामिन बनवायचा वेग वाढवतात. वापरलेलं डोपामिन परत आत ओढून घेणारे वाहक कमी होतात, त्यामुळे सोडलेला थेंब जास्त वेळ बाहेर राहतो आणि दूरवर पोचतो. पलीकडे डी-२ ग्राहक वाढतात. पिट्सबर्गमधल्या मायकेल झिगमंड आणि एडवर्ड स्ट्रिकर यांनी रॅटमध्ये हे वर्षानुवर्षं मोजलं. तंतू बहुतेक गेलेले असतानाही रॅट चालत होता, खात होता. तोल गेला तो अगदी शेवटच्या टप्प्यात. माणसातही लक्षणं दिसू लागतात तोवर स्ट्रायटममधलं डोपामिन ७० ते ८० टक्के घटलेलं असतं, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. काकांच्या पहिल्या वहीतल्या टपोऱ्या अक्षरामागेही मोटर जास्त वेळ चालत असणार.

उपमा अजून थोडी ताणतो, कारण पुढचा भाग ती नेमका पकडते. ताणावर ठेवलेल्या बागेवर मार्चमध्ये अवकाळी आली की मणी तडकतात. पाणी वाईट नसतं, वेल त्या क्षणी इतकं घ्यायला तयार नसतो. हळवे झालेले ग्राहक आणि दिवसातून तीन-चारदा लाटेसारखी येणारी गोळी, यांचं बरीच वर्षं असंच होतं आणि अंगाला नको असलेल्या, वळवळणाऱ्या हालचाली सुरू होतात. डिस्कायनेशिया म्हणतात ते हेच. पाहुण्यांना वाटतं आजार वाढला. खरं तर तो क्षण गोळी चढल्याचा असतो. रॅट आणि माकडांवर हे तपासल्यामुळेच डोपामिनचा पुरवठा लाटांऐवजी संथ धारेनं करण्याच्या पद्धती पुढे आल्या.

सगळ्यात गाजलेला नमुना मात्र कुणी योजलेला नव्हता. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी अचानक पुतळ्यासारखे गोठले. त्यांनी घेतलेल्या नकली हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाची भेसळ होती. सॅन होजेचे डॉ. विल्यम लँगस्टन यांनी ती शोधली आणि वर्षभरात माकडांमध्ये तोच आजार उभा राहिला. मेंदूत गेल्यावर एमपीटीपीचं एमपीपी-प्लस होतं, डोपामिनच्या वाहकावर बसून ते पेशीत शिरतं आणि मायटोकॉन्ड्रियातली ऊर्जेची पहिली पायरी तोडतं. रॅटला याचं फारसं काही होत नाही. काळ्या जातीच्या माऊसला होतं, पण त्याच्या स्ट्रायटममधलं डोपामिन काही आठवड्यांत बरंचसं सावरतं. माकड सावरत नाही. एमपीटीपी दिलेल्या माकडांवर काम करूनच माहलोन डीलाँग यांच्या गटानं १९९० मध्ये दाखवलं की मेंदूतलं सबथॅलॅमिक केंद्र जास्त चेकाळलेलं असतं आणि ते शांत केलं की हालचाल परत येते. मेंदूत तार बसवून करतात ती डीबीएस शस्त्रक्रिया, जी आज मुंबई-पुण्यातही होते, तिला पाया मिळाला तो इथे.

एमपीपी-प्लसबद्दल एक गोष्ट वाचली त्या दिवशी मी पुस्तक मिटून अंगणात जाऊन बसलो. हे द्रव्य पूर्वी तणनाशक म्हणून तपासलं गेलं होतं. सायपरक्वाट हे त्याचं नाव. त्याच्या रेणूची ठेवण पॅराक्वाटच्या जवळची आहे, आणि पॅराक्वाट म्हणजे आमच्याकडे ग्रामोक्झोन नावानं ओळखलं जाणारं तणनाशक. फवारलं की दोन दिवसांत गवत जळतं.

तेव्हापासून प्रयोगशाळांनी शेतातल्या बाटल्या उघडल्या. २००० साली टिमोथी ग्रीनामायर यांच्या गटानं रॅटच्या शिरेतून काही आठवडे रोटेनोन सोडलं. डेरिस वेलीच्या मुळांतलं हे विष मासे मारायला आणि किडींवर पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलंय. ते साऱ्या मेंदूत सारखंच पसरलं, सगळीकडच्या मायटोकॉन्ड्रियांना सारखंच अडवलं, पण मेल्या त्या मुख्यतः डोपामिनच्या पेशी. उरलेल्या पेशींत, रुग्णांच्या मेंदूत आढळणाऱ्या लुई बॉडीसारख्या, अल्फा-सिन्युक्लिन प्रथिनाच्या गाठी दिसल्या. एमपीटीपीमध्ये अशा गाठी सहसा दिसत नाहीत. मात्र ही इजा सगळ्या रॅटमध्ये झाली नाही. जवळपास निम्मे, तेवढंच विष घेऊन, धडधाकट राहिले. एकाच बागेत, फवारणीच्या एकाच ब्लोअरमागे वीस वर्षं काढलेल्या दोन भावांपैकी एकालाच का होतं, हा प्रश्न त्या रॅटच्या पिंजऱ्यातही होता.

पॅराक्वाटचा नमुना मला सगळ्यात बोलका वाटतो, आणि सगळ्यात वादाचाही तोच आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माऊसना आठवड्यातून एकदा, तीन आठवडे पॅराक्वाट दिलं. काळ्या पदार्थातल्या साधारण पाव पेशी गेल्या. स्ट्रायटममध्ये डोपामिन मोजलं, तर ते जागच्या जागी! उरलेल्या पेशींनी कारखाना जोरात चालवून तूट झाकली होती. केवळ डोपामिन मोजणाऱ्यानं 'काही झालं नाही' असा अहवाल लिहिला असता. पुढे काही प्रयोगशाळांना पेशींचं नुकसानही आढळलं नाही, त्यांत उत्पादक कंपनीच्या पैशावर झालेलं कामही आहे. कुणाचा पैसा हे विचारावंच, पण प्राण्याची जात, मात्रा आणि पेशी मोजायची रीत, यांनीही निकाल फिरतो. रॉचेस्टरमधल्या गटानं त्याच सुमारास पॅराक्वाटच्या जोडीला मॅनेब हे बुरशीनाशक दिलं, तेव्हा जोडीचा परिणाम एकेकट्यापेक्षा जास्त दिसला. मॅनेबचं सख्खं भावंड म्हणजे मॅन्कोझेब, आमचं एम-४५. केवडा रोगावर ते मारलं नाही असा द्राक्षबागायतदार शोधावा लागेल. बागेत कधीच एक औषध नसतं. प्रयोगशाळेत बहुधा एकच असतं.

मॅनेब आणि मॅन्कोझेब या दोन्हींत मँगनीज असतं, म्हणून जाता जाता एक सावधगिरी. मँगनीजच्या धुळीनंही माणूस कंपवातासारखा ताठरतो. पण तिथे इजा मुख्यतः ग्लोबस पॅलिडस या मेंदूतल्या वेगळ्या भागात होते आणि एल-डोपा फारसं लागू पडत नाही. वरून सारखं दिसलं म्हणून आत सारखं असेल असं नाही, हे प्राण्यांबाबतही लक्षात ठेवायचं.

माणसांकडे वळलं तर अमेरिकेतल्या आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या शेतकऱ्यांच्या अभ्यासात, २०११ साली, रोटेनोन किंवा पॅराक्वाट वापरलेल्यांत पार्किन्सन्सचा धोका सुमारे अडीचपट आढळला. फ्रान्सनं २०१२ मध्ये कीडनाशकं हाताळणाऱ्या शेतकऱ्यांसाठी हा व्यवसायजन्य आजार मानला. तिथल्याच २०१७ च्या अभ्यासात सगळ्यांत ठळक संबंध दिसला तो द्राक्षमळ्यांच्या भागांत. निफाड तालुक्यात बसून हे वाचताना अंगावर काटा येतो. तरीही काकांना आजार फवारणीनं झाला असं मी म्हणणार नाही, आणि या पुस्तिकेतही तसं कुठे म्हटलेलं नाही. अडीचपट म्हणजे गावाचा आकडा. एका माणसाचं कारण त्यातून निघत नाही. मुंबईच्या पारशी समाजात १९८८ च्या पाहणीत लाखामागे ३२८ रुग्ण आढळले होते, आणि त्यांच्यातले फार थोडे ब्लोअरमागे फिरले असतील.

आपल्याकडे फवारणीचं विष बातमीत येतं ते जागच्या जागी माणूस पडला की. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणाऱ्या वीसच्या आसपास शेतकरी-मजुरांचा जीव गेला, तेव्हा चौकशा झाल्या. वीस वर्षांनी बारीक होणाऱ्या अक्षराची चौकशी कशी करायची, याची सोय कुठल्याच कागदात नाही. युरोपात जाणाऱ्या घडावरचा उर्वरित अंश आपण कोटीतल्या भागांत मोजतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाटच्या अंशानं माल अडकला, तेव्हापासून तर डोळ्यांत तेल घालून. फवारणाऱ्याच्या रक्तात काय आहे ते मोजायला गावात कुणी येत नाही.

नमुन्यांवर किती विसंबायचं? माझं मत सांगतो, पुढच्या प्रकरणांतून वाचकानं आपलं बनवावं. लक्षणं हलकी करणारी औषधं शोधायला हे प्राणी उत्तम ठरले. आजार थांबवणारं औषध शोधायला ते वारंवार फसवे निघाले. सेलेजिलिन एमपीटीपीचं विष होण्याआधीच अडवतं, म्हणून प्राणी वाचले. माणसांत आजाराची चाल रोखल्याचं ठामपणे सिद्ध झालं नाही. कोएन्झाइम क्यू-१० आणि क्रिएटिन उंदरांत चमकले आणि मोठ्या चाचण्यांत विझले. तीन दिवसांत आणलेली इजा आणि तीस वर्षांत आलेला आजार यांत तेवढं अंतर आहेच. अलीकडे बिघडलेल्या अल्फा-सिन्युक्लिनचे तंतू टोचून, किंवा जनुकं बदलून, सावकाश चालणारे नमुने केले जातात. फळमाशी आणि अवघ्या आठ डोपामिन-पेशी असलेला सूत्रकृमीही कामाला लावलाय. त्यांची प्रकरणं पुढे आहेत, मी ती इथे उरकत नाही.

बांधावरच्या एका वेलीबद्दल मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही. खाजकुइली. शेंगेची लव लागली की अंग ओरबाडावं लागतं. तिच्या बियांत एल-डोपा आहे, हे १९३७ मध्येच भारतीय संशोधकांनी दाखवलं. म्हणजे सशांच्या प्रयोगाच्या वीस वर्षं आधी. मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये या बियांनी रुग्णांवर उपचार केल्याचं काम प्रसिद्ध केलं. १९९७ मध्ये बाला मन्यम यांनी ६-हायड्रॉक्सिडोपामिनच्या त्याच गोल फिरणाऱ्या रॅटवर ती तपासली आणि तेवढ्याच एल-डोपापेक्षा बियांचं चूर्ण सरस ठरल्याचं लिहिलं. का सरस, हे अजून नीट उलगडलेलं नाही. काकांना कुणीतरी हे सांगितलं आणि ते बिया वाटायला निघाले होते. गोळीच्या वर आणखी मोजमाप नसलेलं डोपा म्हणजे पुन्हा मार्चचा पाऊस, असं म्हटल्यावर थांबले.

ही प्रस्तावना लिहून झाल्यावर मी वह्या परत द्यायला गेलो. खरड छाटणी चालू होती. काका ओट्यावर बसून मजुरांची हजेरी तोंडी सांगत होते आणि सून लिहून घेत होती. सातवी वही उघडून मी पुन्हा पाहिली. तारीख, औषध, मात्रा, काढणीपूर्व दिवस. त्यांच्या उजवीकडे तिनं पट्टीनं एक रेघ मारून नवा रकाना केलाय, 'फवारणारा'. त्याखाली सगळ्या हंगामभर एकच नाव आहे, तिच्या नवऱ्याचं.

पिंपळगाव बसवंत, खरड छाटणीचे दिवस